कवच आलं म्हणजे सुटलो का?

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय, सोलापूरला वंदे भारत आली पण कवच, म्हणजे रेल्वेची अपघात टाळणारी यंत्रणा, कधी येणार, आणि मग काका मला टॅग करून "तुमच्या जर्मनीत बघा" म्हणून मोकळे. मागणी बरोबरच आहे. लोको पायलटने लाल सिग्नल असून ब्रेक मारला नाही तर कवच स्वतः ब्रेक लावतं, आणि त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या कुठे तर लिंगमपल्ली-विकाराबाद-वाडी पट्ट्यात, म्हणजे आपली सोलापूर डिव्हिजन वाडीला संपते तिथून पुढे, झोंबणारच की!

पण काका, जर्मनीचं ऐका. इथे पीझेडबी नावाची तसलीच यंत्रणा कधीपासून आहे, तरी 2011 ला होर्डोर्फला सिंगल लाइनवर मालगाडी लाल सिग्नल सोडून पुढे आली आणि 10 जण गेले, त्या लाइनवर पीझेडबी नव्हतंच. बरं, 2016 ला बाड आयब्लिंगला होतं, तरी 12 गेले. सिग्नल सांभाळणारा माणूस मोबाईलवर गेम खेळत होता, त्याने गाडीला खास परवानगीचा सिग्नल देऊन टाकला, आणि तो दिला की यंत्रणा गाडी अडवत नाही.

आता ओडिशातला बालासोरचा रेल्वे अपघात, 2 जून 2023. सिग्नल मेन लाइनचा हिरवा आणि पॉइंट, म्हणजे रूळ बदलणारा सांधा, लूपला, म्हणजे बाजूच्या लाइनला, कारण वायरिंगच्या कामातली चूक. हिरव्या सिग्नलवर कवच काय थांबवणार? आणि हे पहिल्यांदा नव्हतं, त्याच वर्षी फेब्रुवारीत कर्नाटकात होसदुर्ग रोडला संपर्क क्रांतीचं असंच झालं होतं, लोको पायलटच्या लक्षात आलं म्हणून गाडी थांबली, रेल्वेच्याच एका अधिकाऱ्याने इशाऱ्याचं पत्रही लिहिलं होतं. ते पत्र वाचून कुणी काय केलं यावर ग्रुपवर एक मेसेज नाही, वंदे भारतच्या नाश्त्यावर मात्र पन्नास.

मला इथलं आवडतं ते एवढंच की अपघाताची चौकशी करणारी संस्था वेगळी आहे आणि तिचा रिपोर्ट नेटवर टाकलेला असतो, कुणीही वाचा. आपल्याकडेही रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली, म्हणजे रेल्वेबाहेर, पण रिपोर्ट शोधत बसावं लागतं.

तेव्हा डीआरएमला, म्हणजे डिव्हिजनच्या रेल्वे व्यवस्थापकाला, निवेदन द्याल तेव्हा कवचच्या खाली अजून एक ओळ टाका, सिग्नलच्या वायरिंगला हात लावल्यावर पुन्हा टेस्टिंग कोण करतं आणि सही कुणाची असते.