सारखेपणा म्हणजे एकी नव्हे

"भाषा, धर्म आणि संस्कृती एक असेल तरच राष्ट्र एकसंध राहते, विविधता म्हणजे फुटीची बीजे," असा दावा सध्या मोठ्या आत्मविश्वासाने फिरवला जातो. पुराव्यादाखल फुटून गेलेल्या युगोस्लाव्हियाचे नाव घेतले जाते आणि स्वित्झर्लंडला श्रीमंतीमुळे टिकलेला अपवाद ठरवून बाजूला सारले जाते.

सारखे लोक आपोआप एकत्र राहतात, हे त्यातले पहिले गृहीतक. सोमालियातील बहुसंख्य लोकांची भाषा एक, धर्मही एकच; तरीही 1991 मध्ये तेथील राजवट कोसळली आणि कुळाकुळांत यादवी माजली. कोरियाबद्दल वेगळे सांगायला नको. भांडायचेच असेल तर माणसांना भाषेचे निमित्त लागत नाही, वंशावळही पुरते.

विविधतेमुळेच देश फुटतात, हा दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. युगोस्लाव्हियात भेद होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 1989 मध्ये तेथील सर्बियातल्या कोसोवो प्रांताची स्वायत्तता आक्रसली, तेव्हा इतरांनाही स्वतःच्या भवितव्याची धास्ती वाटू लागली, हे सांगायचे राहून जाते. त्याहून बोलके उदाहरण पाकिस्तानचे. धर्माच्या आधारावर उभ्या राहिलेल्या या देशात निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा बांगला असताना, मार्च 1948 मध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन राज्यभाषा उर्दूच असेल, असे बजावले. 21 फेब्रुवारी 1952 रोजी तेथेच भाषेसाठी निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 1956 च्या राज्यघटनेने बांगलाला मान्यता दिली खरी, परंतु सत्तेतील वाटा काही मिळाला नाही: 1970 च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातील अवामी लीग या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळूनही सत्ता सोपवली गेली नाही आणि पुढच्याच वर्षी देश दुभंगला. म्हणजे जे एकीसाठी म्हणून लादले, तेच फुटीचे कारण ठरले.

आता स्वित्झर्लंड. 1847 मध्ये तेथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट प्रांतांत यादवी युद्ध झाले, आणि लगेच 1848 मध्ये प्रांतांचे अधिकार राखणारी संघराज्याची घटना आली. ही घडी आजच्या सुबत्तेच्या कितीतरी आधी बसलेली आहे. शिवाय जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषकांत दोन्ही पंथांचे लोक असल्याने भाषेच्या प्रश्नावर विरोधात बसलेला माणूस धर्माच्या प्रश्नावर शेजारी येऊन बसतो. जर्मन, फ्रेंच, इटालियन यांच्या जोडीची चौथी भाषा रोमान्श; ती बोलणारे आज लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहेत, पण 1938 च्या जनमताने तिला राष्ट्रभाषांत स्थान दिले आणि बँकेचे नाव चलनी नोटेवर त्याही भाषेत छापलेले असते. नाण्यावर मात्र चौघींपैकी एकही भाषा नाही. तेथे 'हेल्वेतिया' हे लॅटिन नाव आहे. कोणी रुसायला नको!

"निदान संपर्काची एक भाषा तरी हवी ना?" हा प्रश्न रास्त आहे, पण ती भाषा कोणाची, हा खरा मुद्दा. इंडोनेशियात सर्वांत मोठा समूह जावानीज भाषकांचा होता; तरी निवड झाली ती बंदरांतून आणि बाजारांतून बोलल्या जाणाऱ्या मलय भाषेची. 28 ऑक्टोबर 1928 रोजी तरुणांनी घेतलेल्या शपथेत मातृभूमी 'एक' आणि राष्ट्र 'एक' असे म्हटले आहे. तिसऱ्या ओळीत मात्र भाषा 'एक' असे न म्हणता 'ऐक्याची भाषा' असे शब्द योजले आहेत.