लिंक हाय का?

आमच्या बँकेचं मुख्य कार्यालय कोल्हापुरात, शाखा गगनबावड्यात. मधे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, एसटी दीड-दोन तासांत आणून सोडते. पण शाखा सीबीएसला, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या कोअर बँकिंगला, जोडायची ठरली तेव्हा कळलं, की आमची एन्ट्री या रस्त्याने जाणारच नाही. ती आधी 35,786 किलोमीटर वर उपग्रहाकडे जाणार, तिथून खाली हबला, म्हणजे जमिनीवरच्या मुख्य केंद्राला, हबवरून सर्व्हरला आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने माघारी. कुणा आजीच्या खात्यात चारशे बारा रुपये आहेत, एवढं सांगायला जाऊन-येऊन दीड लाख किलोमीटरच्या आसपास! त्याला जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद लागतो म्हणे. लिंक असली तर.

उपग्रह विषुववृत्तावर, म्हणून डिशचं तोंड दक्षिणेला. आणि दक्षिणेला, भिंतीला खेटून, घरमालक अण्णांचा फणस. इंजिनिअरने नम्रपणे एक फांदी मागितली. अण्णा म्हणाले, "फणस माझ्या आज्यानं लावलाय. तुझा उपग्रह सरकव की जरा."

शेवटी डिश कौलांवर चढली. मग वानरं आली. डिशच्या पुढ्यातला दांडा त्यांना बसायला फार सोयीचा पडतो. एक जरी टेकलं, तरी खाली राऊटरवर लाल दिवा आणि काउंटरपुढची रांग जागच्या जागी.

पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. या लहरींची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. दाट पाऊस त्यांना वाटेतच गिळतो. आणि शाखा कुठे, तर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यात! हेल्पडेस्कवरच्या पोराला हे काही पटत नाही. त्याच्यापुढे प्रश्नांचा कागद असतो.

"सर, राऊटर रिस्टार्ट केला?"

"केला."

"न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज किती येतंय?"

"नऊ."

"दोनच्या आत पाहिजे, सर. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता."

बाहेर धो धो पाऊस, आणि आमचे शिपाईमामा एका हातात छत्री धरून, आधीच काठोकाठ भरलेल्या खड्ड्यात बादली रिकामी करतायत. न ओतावं तर तक्रार पुढे सरकत नाही. मुकाट ओतलं, तिकीट नंबर मिळाला.

गावाने मात्र हे सगळं केव्हाच पचवलंय. पूर्वी लोक दारातूनच "साहेब आलेत का?" विचारायचे, आता विचारतात, "लिंक हाय का?" साहेब असले-नसले कुणाला फरक पडत नाही.

आता केबलही आली आहे. डिश फक्त बॅकअपला. पण केबल रस्त्याच्या कडेने येते आणि रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे. जेसीबीवाला आमचाच खातेदार. परवा सकाळी त्याने बावड्याच्या अलीकडे केबल उचकटली, आणि दुपारी पगाराचे पैसे काढायला काउंटरवर हजर. वर वानर बसलेलं. मी म्हटलं, "लिंक नाही."

तो माझ्यावरच उखडला. "काय राव तुमची बँक! रोजचीच रड हाय ही."