नाग म्हणणाऱ्यांना उत्तर

जुन्या पोथ्या जपणाऱ्या संस्थांवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "काका, थोडा अभ्यास करून लिहीत जा, या संस्था पोथ्यांवर नाग होऊन बसल्यात, स्कॅन करून नेटवर टाकायला असा किती वेळ लागतो?" आधी माझी चूक, जुनी हस्तलिखितं जपणारी पुण्याची भांडारकर संस्था १९१७ ची, माझ्याकडून १९७१ टाइप झालं, दुरुस्त केलंय. पण म्हणून अभ्यासच नाही? आणि काका कुणाला म्हणताय हो, आपली ओळख तरी आहे का?

किती वेळ लागतो म्हणे. अहो पोथी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात नेलेलं आधार कार्ड नाही. सुटी पानं असतात, बासन म्हणजे पोथी बांधलेलं फडकं सोडलं की कडांचा चुरा हातात येतो, कसरीने भोकं पाडलेली, कधी दोन पोथ्यांची पानं एकमेकांत मिसळलेली. आधी साफसफाई, मग पानं जुळवायची, मग विषय, लिपी, शक बघून सूचीत नोंद, तेव्हा कुठे कॅमेरा. नोंद न करता नुसते फोटो टाकले तर तुम्हाला हवी ती पोथी त्यात सापडणार कशी? भांडारकर संस्थेत २८,००० च्या आसपास हस्तलिखितं आहेत. ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं युनेस्कोने २००७ साली जगाचा ठेवा म्हणून आपल्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत घेतली ना, तीही तिथलीच, म्हणजे नागांनीच जपलेली.

मी हे कुठे वाचून सांगत नाहीये. आमचा वाडा नाशिकला सराफ बाजाराच्या मागे, ६९ च्या पुरात गोदावरी आत शिरली आणि आजोबांच्या पोथ्या भिजल्या. त्यांनी घाईघाईत गच्चीवर कडक उन्हात टाकल्या तर पानं चिकटून पार वीट झाली, वडील सुरीने सोडवायला बसले तर एका पानाची अक्षरं दुसऱ्या पानाला लागून निघाली. त्यातली एक वीट अजून माझ्या कपाटात आहे. या नाशिकला, करा स्कॅन, चहा माझ्याकडून.

बाकी तुमच्या तक्रारी, परवानगीला तीन महिने लागले, फी जास्त, फोन उचलत नाहीत वगैरे, असेल बुवा, मी काय तिथे नोकरीला नाही.

जुने लोक पोथी लिहून झाली की शेवटी एक श्लोक लिहायचे, तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत्, म्हणजे तेलापासून जपा, पाण्यापासून जपा. पुढच्या ओळीत पोथी कुणाच्या हातात देऊ नये तेही सांगितलंय. ते मी इथे टाकत नाही, शोधा, नेटवर आहे.