सेल्फ 'कट' करतो म्हणून स्टार्टर गेला, असं नव्हे

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. परतवाड्यापासून पुसदपर्यंत ज्याच्या ज्याच्या कोठ्यात जुनी अ‍ॅम्बेसेडर, फियाट किंवा जीप उभी आहे, त्या प्रत्येकाला तो एकदा तरी आलेला असेल. मजकूर असा: जुन्या गाडीचा सेल्फ नुसता 'कट' आवाज करत असेल तर स्टार्टर मोटर गेली समजा. आधी हातोडीने ठोका. नाही जमलं तर बेंडेक्सला (स्टार्टरचं दातेरी चाक इंजिनच्या चाकात गुंतवणाऱ्या भागाला) ग्रीस भरा, ट्रॅक्टरची मोठी बॅटरी लावा. बॅटरीच्या तारा उलट जोडू नका, मोटर उलटी फिरते. एवढं करूनही नाही लागली तर मोटर भंगारात घाला, खेड्यात ती दुरुस्त होत नाही.

यातलं काही अर्धं खरं आहे. म्हणूनच मेसेज पटतो, आणि म्हणूनच लोक चांगल्या मोटरी खोलून बसतात.

पहिलाच दावा घ्या. 'कट' हा आवाज मोटरचा नसतो, सोलेनॉइडचा, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचचा असतो. आतला संपर्क ओढला गेला एवढंच त्यातून कळतं. पुढे करंट मोटरपर्यंत पोचला का आणि मोटरमधून बॅटरीकडे परतला का, हे त्यातून कळत नाही. रिस्टोअर होत असलेल्या गाडीत घोळ बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर असतो, आणि तो आपणच केलेला असतो. परतीचा करंट बॉडीतून बॅटरीकडे जातो. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. दोघांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी काळी, मळकट, चिंधीसारखी दिसते. गाडी पेंटला जाते तेव्हा ती कुठेतरी पडते. परत लावली तरी पट्टीखाली नवाकोरा प्रायमर आणि रंग असतो. मग करंट दुसरी वाट शोधतो: चोकची वायर, अ‍ॅक्सिलरेटरची वायर. सेल्फ मारताना चोकच्या वायरीतून धूर निघाला, तर मोटरकडे बघूसुद्धा नका.

हिशेब साधा आहे. अशा गाडीचा स्टार्टर इंजिन फिरवताना 150 अँपिअरच्या आसपास ओढतो. एखाद्या जोडात ओहमचे फक्त दोन शतांश अडले, तरी तिथेच 3 व्होल्ट खर्च होतात आणि 450 वॉट उष्णता तयार होते. त्यामुळे थोडा वेळ सेल्फ मारून प्रत्येक जोडाला हात लावून बघा. जो तापला तो दोषी. मल्टीमीटर असेल तर आणखी चांगलं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची तार काढलेली. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर रंग खरवडा, पट्टी नवी घाला. हीच तपासणी बॅटरीच्या दुसऱ्या खांबापासून स्टार्टरच्या टर्मिनलपर्यंतही करा.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे मंद झाले तर करंट ओढला जातोय: बॅटरी कमजोर आहे, किंवा मोटर अथवा इंजिन जाम आहे. दिवे जसेच्या तसे राहिले तर वाट कुठेतरी तुटलीय. दिवे पार विझले तर टर्मिनल ढिलं.

हातोडीबद्दल. ठोकल्यावर गाडी लागली, तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत किंवा होल्डरमध्ये अडकलेत, असा त्याचा अर्थ. तो निदान झाला, इलाज नव्हे. कार्बन बदला आणि ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर बारीक काचपेपरने पुसा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण करंट वाहून नेतात.

बेंडेक्सला ग्रीस हा सल्ला मात्र सरळ नुकसान करणारा. मोटर घूंऽऽ करून नुसतीच फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बहुधा बेंडेक्सचं पिनियन (छोटं दातेरी चाक) स्क्रूवर पुढे सरकत नसतं. ग्रीस भरलं की क्लचची धूळ त्यात बसते, वर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ, आणि काही दिवसांत चिकट लापशी तयार होते. रॉकेल किंवा पेट्रोलने धुवा, वाळू द्या, फार तर पातळ तेलाचा एखादा थेंब. उलट पिनियन फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये अडकून बसलं असेल तर मोटर उतरवायची गरज नाही. इग्निशन बंद करून टॉप गियर टाका आणि गाडी मागेपुढे हलवा. ल्युकास कंपनीच्या बऱ्याच मोटरींना मागच्या टोपीखाली शाफ्टचं चौकोनी टोक असतं, पान्ह्याने फिरवलं की सुटतं.

ट्रॅक्टरची बॅटरीही 12 व्होल्टचीच. आपली बॅटरी मेलीय की नाही हे बघायला ती जरूर जोडा. मे महिन्यात शेडमध्ये उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते आणि पाणी आटतं. पण खराब जोड मोठ्या बॅटरीने सुधारत नाही. ट्रकची 24 व्होल्टची जोडणी मात्र चुकूनही नको.

तारा उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते, हे तर साफ चूक. या मोटरींत लोहचुंबक नसतात, फिल्ड कॉइल असतात. फिल्ड (स्थिर कॉइल) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) दोन्हींतला करंट एकदम उलटतो, फिरण्याची दिशा तीच राहते. म्हणून तर प्लस बॉडीला असलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्या मायनस-अर्थ करताना स्टार्टरला कुणी हात लावत नाही. काळजी डायनमोची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची. तो पुन्हा पोलराइज करावा लागतो (त्याच्या चुंबकत्वाची दिशा बदलावी लागते), आणि इग्निशन कॉइलच्या तारा अदलाबदल कराव्या लागतात.

राहिलं भंगार. काहून बाप्पा? ज्या तालुक्याच्या गावात शेतपंपाच्या मोटरी रोज भरल्या जातात, तिथे फिल्ड कॉइलला नवं इन्सुलेशन चढवणारा मिस्त्री सापडतोच. शाफ्टला आधार देणारे ब्राँझचे बुश लेथवर होतात. सच्छिद्र प्रकारचे आणले तर बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये ठेवा. आर्मेचरचं वाइंडिंग जळलं असेल तर काम अवघड, ते शहरात न्यावं लागेल.

मोटर खरंच चांगली निघाली आणि तरी सेल्फ कधी पकडतो, कधी कर्रर्र करतो, तर इंजिन हाताने फिरवायचं हँडल थोडं फिरवून पुन्हा मारून बघा. लगेच पकडला, तर दोष फ्लायव्हीलच्या रिंगचा. चार सिलिंडरचं इंजिन दरवेळी साधारण दोनच जागी थांबतं, दात तिथेच झिजतात. रिंग तापवून उतरवायची आणि 90 अंश फिरवून पुन्हा बसवायची. गिअरबॉक्स खाली असतानाच हे बघून घ्या, नंतर तेवढ्यासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागतं.