कोसंबींना कोणत्या रकान्यात बसवणार?

सप्टेंबरच्या सुमारास जगातल्या 'टॉप दोन टक्के' शास्त्रज्ञांची यादी येते आणि पुण्यातल्या कॉलेजांच्या फाटकांवर अभिनंदनाचे फ्लेक्स झळकतात. स्टॅनफर्डचे जॉन इओॲनिडिस आणि सहकारी स्कोपस या संशोधन-लेखांच्या नोंदसंचातल्या सायटेशनवरून, म्हणजे इतरांनी एखाद्याच्या पेपरांचा किती वेळा संदर्भ दिला यावरून, ती काढतात. यादीला नावं ठेवणारे आणि यादीत नाव आलं म्हणून पेढे वाटणारे, दोन्ही आमच्या जुन्या मित्रमंडळींत आहेत. परवा त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "तुमच्या हॉलंडने हे आकडे मोडीत काढले म्हणे. मग आपण का नाही काढायचे?"

मी हॉलंडमध्ये वागेनिंगेनला पिकांच्या जनुकांचे नकाशे करते. त्यासाठीचं जॉइनमॅप हे सॉफ्टवेअर इथेच तयार झालं. त्यात सुरुवातीलाच एक निवड करावी लागते: जनुकांमधलं अंतर कुणाच्या सूत्राने काढायचं, हाल्डेन की कोसंबी. जोडीतल्या गुणसूत्रांत एका जागी तुकड्यांची अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. हाल्डेनच्या सूत्रात ही अडवणूक नाही, कोसंबींच्या १९४४ च्या सूत्रात आहे. आम्ही बहुतेक वेळा कोसंबी निवडतो, पण पेपरात संदर्भ सॉफ्टवेअरचा देतो. सूत्र इतकं अंगवळणी पडलंय की मूळ पेपर शोधायला कुणी जात नाही.

हे सूत्र मांडलं तेव्हा दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. आदल्याच वर्षी फलन-अवकाशातल्या (संख्यांऐवजी अख्ख्या फलनांच्या) संख्याशास्त्रावर त्यांचा पेपर आला होता. त्यातली पद्धत पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध झाली, प्रवाहांचा अभ्यास करणारे इंजिनिअर आजही ती वापरतात. याच माणसाने तक्षशिलेची आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी तोलून, चलनात फिरताना ती किती झिजली यावरून इतिहास वाचला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. पुढे पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला टीआयएफआर या टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत जात राहिले.

आता यांना यादीत बसवा. तिथे २२ क्षेत्रं आणि १७४ उपक्षेत्रं आहेत आणि माणसाचा क्रमांक त्याच्या मुख्य उपक्षेत्रात लागतो. गणितात सायटेशन मुळात कमी, वैद्यकात ढिगाने, म्हणून ही विभागणी लागतेच. त्यात लबाडी नाही. पण गणित, जनुकांचं सूत्र, संस्कृत संहितेची आवृत्ती आणि नाण्यांचं वजन एकाच माणसाच्या खात्यावर असेल, तर तो चारही ठिकाणी अर्धामुर्धाच दिसणार. आपल्या निवड समित्यांचा "पण हे तुमच्या विषयातलं नाही" हा शेरा तर ठरलेलाच.

उलटी बाजूही आहे. कोसंबींनी रीमान गृहीतक हा गणितातला अजून न सुटलेला प्रश्न सिद्ध केल्याचा दावा १९५९ च्या सुमारास चक्क शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. दावा चुकीचा होता. १९६२ मध्ये टीआयएफआरने त्यांचा करार पुढे चालवला नाही. मोजणाऱ्याच्या लेखी तोही एक पेपर आणि १९४४ चाही एक पेपर. फरक फक्त वाचणाऱ्याला कळतो.

तरीही मित्राला मी 'आकडे मोडीत काढा' असं सांगितलं नाही. इथल्या उट्रेक्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुकीतून इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, हद्दपार केला, तेव्हा शंभराहून अधिक डच संशोधकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला: मोजमाप गेलं की मर्जी येईल. मला त्यात तथ्य वाटतं. इथे आता सीव्हीत कामाची कहाणी सांगायची असते आणि ती सफाईदार इंग्रजीत सांगणारा पुढे जातो. पुण्यात तर पहिला प्रश्न "कुणाचा माणूस?" हाच असतो. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या मुलीच्या हातात निदान एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि त्यांची सायटेशन मिळून काढलेला आकडा, तरी असतो. तो काढून घेऊन तिला द्यायचं काय?

पण निव्वळ मोजणीने काय होतं, तेही पुण्यातूनच दिसलं. कुठे छापलेला पेपर मोजायचा हे ठरवणाऱ्या यूजीसीच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली नियतकालिकं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासली. स्कोपससारख्या कुठल्याही नोंदसंचात इंडेक्स नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असं त्यांनी २०१८ मध्ये लिहिलं.

म्हणून आकडा दारापर्यंत ठेवावा. आत आल्यावर उमेदवाराने आपले तीन पेपर द्यावेत, विषय कुठलाही असो. बाहेरच्या दोघांनी ते वाचून अर्ध्या पानाचं टिपण लिहावं, आणि निवड होवो न होवो, ते त्याच्या हाती द्यावं. मित्र म्हणाला, "एका दिवसात चाळीस मुलाखती असतात गं, वाचणार कधी?" मग मुलाखती चार दिवस घ्या आणि वाचणाऱ्यांना मानधन द्या. फ्लेक्सचा खर्च वाचेल, त्यातून थोडं भागेल.