त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही

दोन वर्षं झाली या गोष्टीला. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि शाळा सुटायला दहा मिनिटं बाकी होती. पाचवीतल्या एका मुलीची आई दारात येऊन उभी राहिली. "म्याडम, पोरीचा कागद द्या. सकाळी गाडी निघायली."

आमचा जिल्हा बीड, आणि मी इथल्या एका प्राथमिक शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका. दिवाळी सरली की गावातली निम्मी घरं कुलपात जातात आणि नवरा-बायकोचा एकेक कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, साखर कारखान्याच्या वाटेला लागतो. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्चलेली असते, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच येत नाही. 'कागद' म्हणजे शिक्षण हमी पत्रक. तो दाखवला की कारखान्याजवळच्या शाळेनं लेकराला वर्गात बसवून घ्यावं, अशी सोय आहे. मुलगी पाचवीतली असली की उसाच्या फडावर ती शाळेत कमी आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीपाशी, म्हणजे तिथल्या झोपडीपाशी, जास्त दिसते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं.

"तिला ठेवून जा की. हंगामी वसतिगृह सुरू होतंय," मी म्हणाले.

"कुणाच्या जिवावर ठेवू? म्हातारीला डोळ्यानं दिसत न्हाई. अन् बारकं लेकरू कोण बघंल तिकडं?" असं म्हणून ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

एरवी मी उठले असते. तिला खुर्ची दिली असती, रात्री घरी जाऊन नवऱ्याशी भांडले असते. आधीची बरीच वर्षं तेच केलं होतं. त्या दिवशी मी कपाट उघडलं, पत्रक काढलं, नाव लिहिलं, शिक्का मारला. शिक्का फिका उठला म्हणून पॅडवर दाबून पुन्हा मारला. मुलगी चौकटीला धरून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

मला काहीच वाटलं नाही. आणि काहीच वाटलं नाही याचं तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं, भाकरी थापता थापता.

हे लिहायचं कारण असं की मुख्याध्यापकांच्या ताणाबद्दल बोलायला लागलं की गाडी लगेच ऑनलाइन माहिती, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी आकडेवारी, पोषण आहाराचं अ‍ॅप, निवडणूक ड्युटी यांवर जाते. ते सगळं आहेच, मीही त्याच्या नावानं बोटं मोडते. पण कागदानं माणूस दमतो, झोपला की उठतो. माणसांनी आणून ओतलेलं मात्र झोपून जात नाही.

आमची शाळा पहिली ते पाचवी, पट 86, शिक्षक तीन. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंतच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक 150 च्या वर पट असेल तरच. म्हणजे माझ्यासारख्या 'प्रभारी'. वर्ग आहे तो आहेच, वर चाव्यांचा जुडगा. सेवाज्येष्ठता म्हणून हातात आलेला. कालपर्यंत ज्या सरांबरोबर डबा खाल्ला, त्यांची रजा आज मी अडवायची. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन आहे हे मला माहीत, आणि तिघांतला एक प्रशिक्षणाला गेलाय हेही मलाच माहीत. रजा दिली तर मी एकटी 86 मुलांत, नाही दिली तर वाईट मी. हे घरी सांगावं तर घरचे म्हणतात, मग घेतलंस कशाला ते पद! जसं काही मी अर्ज करून मागितलं होतं.

रोज साडेअकराच्या सुमाराला आमच्या मावशी वाटीत खिचडी आणून देतात. मुलांना वाढायच्या आधी चव घ्यायची आणि रजिस्टरला सही करायची. हजेरी 71 असली तर माणशी 100 ग्रॅमप्रमाणे 7 किलो 100 ग्रॅम तांदूळ, हे आता झोपेतसुद्धा सांगेन. पण तो पहिला घास साधा नसतो. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन 23 मुलं गेली, आणि तिथल्या मुख्याध्यापिकेला पुढे शिक्षा झाली. तिची चूक काय होती हा वेगळा विषय. पण चमचा तोंडात घातला की मला ते गाव आठवतं. दहा मिनिटं मी स्वतःच्या पोटाकडे लक्ष देऊन बसते आणि तोंडानं चौथीला भागाकार शिकवत असते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली, त्यानंतर तर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर कोण उभं आहे हे बघायला मान आपोआप वळते. काळजी करू नये असं मी म्हणत नाही, करायलाच हवी. फक्त या काळजीचा रकाना कुठल्याच रजिस्टरात नाही.

आर्ली हॉकशिल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये नोकरीसाठी भावना आवरायच्या किंवा चेहऱ्यावर आणायच्या या कामाला भावनिक श्रम म्हटलं. त्यांनी पाहिलेल्या हवाईसुंदऱ्यांना नोकरीचा भाग म्हणून हसावं लागायचं, आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांना नोकरीचा भाग म्हणून कडक व्हावं लागायचं. मला वाचून हसू आलं. आम्ही एकाच तासात दोन्ही असतो. प्रार्थनेला उशिरा आलेल्या सरांसमोर वसुलीवाले, लगेच मागून आलेल्या आजोबांसमोर हवाईसुंदरी.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना स्पष्ट म्हटलं की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न निस्तरल्यानं येणारी अवस्था आहे. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिली खूण मला कळत होती. मधली कळली ती त्या फिक्या शिक्क्यानं.

यावर उपाय म्हणून आम्हाला एकदा तणावमुक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण मिळालं. रविवारी. दीर्घ श्वास घ्या, डोळे मिटा, आणि डोळे मिटलेला फोटो सायंकाळी पाचपर्यंत लिंकवर अपलोड करा. दुसऱ्या दिवशी फोटो न पाठवलेल्या शाळांची यादी ग्रुपवर आली. यात माझं नाव होतं!

प्राणायामाला माझा विरोध नाही, मी करते. पण छप्पर गळत असताना भांडं कुठलं ठेवायचं एवढ्यावरच किती दिवस चर्चा करायची? एका माणसाकडे गावाचं सगळं रडगाणं, सगळा धाक, सगळी जबाबदारी सोपवायची आणि त्याला सांगायचं की तू मनानं खंबीर हो. हा उपाय नाही, ही आणखी एक ड्युटी झाली.

मला उपयोग कशाचा झाला ते सांगते. फार मोठं काही नाही. आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्यातून एकदा असते. ती संपल्यावर आम्ही तीन प्रभारी बायका फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेतो. ठरलेलं एकच: परिपत्रकावर बोलायचं नाही. पहिल्या दोन वेळा काय बोलावं तेच सुचेना, इतकी सवय गेली होती. तिसऱ्या वेळी मी हमी पत्रकाची गोष्ट सांगितली. एकजण म्हणाली, "माझं तर पोरगं पडून डोकं फुटलं तेव्हा मी आधी वरती फोन कुणाला करायचा याचा विचार केला, पोराचा नंतर." चहा थंड झाला. पण परतीच्या एसटीत मला कित्येक महिन्यांनी झोप लागली.

दुसरं म्हणजे जुडगा सोडला. सोडवत नव्हता, खरं सांगते. शाळा माझ्यावाचून उघडूच शकत नाही यात एक सुख असतं, ते कबूल करायला वेळ लागला. आता दोन दिवस चाव्या सरांकडे असतात. त्या दिवशी चवीची सही त्यांची, फोनही त्यांनाच.

तिसरं मात्र आधीच करायला हवं होतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, हे कायद्यातच आहे. आमच्याकडे त्या बायका सहीपुरत्या होत्या. मागच्या वर्षीपासून दसऱ्याच्या आधीच त्यांच्यातल्या दोघी माझ्याबरोबर घरोघर येतात. त्यांनी स्वतः कोयता धरलेला आहे. "ठेव की माझ्या दारात, माझ्या दोनांत तुझं एक," असं त्या म्हणू शकतात. मी कितीही जीव तोडला तरी हे वाक्य माझ्या तोंडी शोभणार नाही. गेल्या वर्षी अशी चार मुलं मागं राहिली. चारच. पण त्यासाठी मला एकटीला चार घरांत रडावं लागलं नाही.

ती मुलगी हंगाम संपल्यावर परत आली होती. आता शेजारच्या गावात सातवीला आहे, निदान पटावर तरी. तिचा तो बारका भाऊ यंदा माझ्याकडे पहिलीत आहे.

परवा त्यांची आई पुन्हा दारात आली. मी उठून खुर्ची सरकवली. समितीतल्या दोघींना निरोप धाडला, त्या येईपर्यंत आम्ही नुसत्या बसून होतो. मग तिघी बराच वेळ बोलत राहिल्या, मी मध्ये पडले नाही. अजून ठरलेलं काही नाही. कागद कपाटातच आहे, आणि गाडी सोमवारी यायची आहे.