खुलासा: ‘द मेसेज’मधला आवाज ग्रँडमास्टर फ्लॅशचा नाही

‘१९८२ साली डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशने “द मेसेज” गाऊन रॅपचा चेहरामोहरा बदलला’ अशी पोस्ट सध्या फिरते आहे. साल बरोबर, बाकी गफलत. रेकॉर्डवर ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह’ असं छापलंय खरं, पण आवाज आहेत मेली मेल आणि ड्यूक बूटी या रॅपर्सचे. फ्लॅशचा त्या रेकॉर्डिंगला जवळपास हातच लागलेला नाही.

त्याची करामत ऐकायचीच तर १९८१ची त्याची ‘व्हील्स ऑफ स्टील’ ही रेकॉर्ड लावा. शीक, ब्लाँडी आणि क्वीन या बँडचं अनुक्रमे डिस्को, न्यू वेव्ह आणि रॉक, सगळं टर्नटेबलवर (रेकॉर्ड फिरवायच्या यंत्रावर) एकाच ठेक्यात ओवलेलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या दिवसांत तो तबकडीवर क्रेयॉनने खूण करायचा. किती फेरे उलटं फिरवलं की ठेका पुन्हा सुरुवातीला येतो, हे त्या खुणेवरून कळे. दोन सारख्या रेकॉर्ड्स, मध्ये एकीचा आवाज दुसरीत मिसळणारा मिक्सर. काही सेकंदांचा तुकडा हवा तेवढा लांबवता यायचा.

स्क्रॅचिंगचा, म्हणजे तबकडी हाताने मागेपुढे घासून आवाज काढण्याचा, शोधही लोक त्याच्याच नावावर खपवतात. ते श्रेय सहसा डीजे ग्रँड विझर्ड थिओडोरला दिलं जातं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला हिपहॉप गट मात्र फ्लॅशचाच, २००७ साली.